उद्याला जमंल का?

“ती पोरगी? ती दारात येऊन नुसती उभी राहील. मग आपणच विचारायचं, काय गं बाई, काय पायजे तुला?”

इंदूबाई हे बोलली तेव्हा तिची माझ्याकडे पाठ होती. गोदावरीच्या घाटावर, पायऱ्यांपाशी, बायका आपापल्या चपला शोधत होत्या आणि मी तिच्या मागेच रिकामी कळशी घेऊन उभी होते. शेजारची सविता खुदकन हसली, मग मला बघून तिने पदर तोंडाशी नेला. इंदूबाई वळली. ओशाळली वगैरे अजिबात नाही. “खोटं हाय का?” तिने मलाच विचारलं.

खोटं नव्हतं, आत्या. मी नकारार्थी मान हलवली आणि पुढे निघाले. तुझ्या दहाव्याला, तुझ्याबरोबर पेरू तोडणाऱ्या तुझ्याच टोळीतली बाई माझी टिंगल करत होती, आणि खरं सांगू, त्या सकाळपासून कानावर पडलेलं तेवढं एकच वाक्य तुला आवडलं असतं.

बाकीचं नसतंच आवडलं. दोन भोंगे लावले होते. प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एकेक पुरुष उठायचा, माईकवर दोनदा टिचकी मारायचा आणि तुला त्यागमूर्ती म्हणून खाली बसायचा. एकाने तुला ‘अबोल आणि सोशिक’ म्हटलं. तेव्हा तुझ्या मुलाने, दीपकदादाने, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनी पटकन माना खाली घातल्या. तुझा आवाज पाटाच्या पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचा. आणि ज्याने तुला सोशिक म्हटलं, त्याच्याच बागेतून तू मागच्या हिवाळ्यात सगळ्या बायका उठवून घेऊन आली होतीस, कारण त्याने प्यायच्या पाण्याचा हंडा उन्हात ठेवला होता. “आम्ही काय पेरू हाय का, पिकायला?” असं तू त्याला म्हणालीस. हे आईने मला सांगितलं होतं. मी तिथे नव्हते. मी कधीच तिथे नसायचे.

कावळा लगेच शिवला. “आक्काचं काही मागं राहिलं न्हाई,” बायका म्हणाल्या. मला वाटलं, कावळ्याला काय माहीत.

मागे राहिलं होतं ते असं. घाटावरून निघताना रमेशशेठ पप्पांजवळ आले. तुझे व्यापारी, ज्यांनी या बाजूच्या सगळ्या बागांचे पेरू घेतलेत. चप्पल काढून, हात जोडून बोलले, त्यांचं मला वाईट नाही वाटलं. “भाऊ, असल्या वेळी बोलू न्हाई, पण पेरू थांबत न्हाई. इतके दिवस बाहेरून टेम्पो भरून माणसं आणली. आक्काची टोळी येणार आसंल तर उद्या सकाळी सातला खालच्या बागेत पायजे. न्हाईतर मग सीझनभर त्याच लोकांना धरतो. तुमीच सांगा, मी काय करू?”

पप्पा म्हणाले, “विचारून सांगतो.”

कुणाला विचारून? विचारणारी तर तू होतीस.

दीपकदादा नाशिकला परत जाण्याआधी आमच्या खोलीत येऊन बसला. “मामा, घराची काळजी करू नका. घर आईचं, म्हणजे तुमचंच. राहा. पण काम राहतंय का ते बघा.” पप्पांच्या पाठीने जड काम होत नाही, ते बागांच्या ठिबकच्या नळ्या दुरुस्त करून देतात, कधी बोलावणं येतं, कधी येत नाही. माझं टायपिंग आहे, पण तेही जसं येईल तसं. घर चालतं ते आईच्या बागेतल्या कामावर. चाकणला पप्पांच्या चुलतभावाने वॉचमनची नोकरी बघून ठेवली आहे, एक खोलीही आहे म्हणे. टोळी बंद पडली तर आम्ही महिनाभरात परत टेम्पोत.

आणि आम्हाला जायचं नव्हतं. ‘आम्हाला’ मध्ये मीही आले, आत्या. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि तू विचारलं नाहीस म्हणूनच मी इथे टिकले.

दोन वर्षांपूर्वी पप्पांची भोसरीची कंपनी बंद झाली. तेव्हा बाकीच्या नातेवाइकांनी सल्ले दिले. तू फोनवर फक्त म्हणालीस, “मागच्या दोन खोल्या रिकाम्याच हायेत. उंदीर राहत्यात त्यात, त्यापरीस तुमी या.” टेम्पोत मी पुढे बसले होते, मांडीवर लॅपटॉप, पायांशी मिक्सर. शिर्डीला चाललेल्या पालख्यांमुळे रस्ता तुंबला होता आणि ड्रायव्हर मला सारखं विचारत होता, “मॅडम, दर्शनाला का?” मी नाही म्हणाले नाही. दर्शनाला चाललोय असं वाटण्यात काय वाईट होतं? दर्शनाला गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी घरी परत जातात.

माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली. घरात मराठी, पण वस्तीवरची मराठी मला आधी नीट कळायचीही नाही, आणि मी बोलले की बायका एकमेकींकडे बघायच्या. म्हणून मी बोलणं कमी केलं. तसंही ते फार नव्हतंच. माझं काम मला आवडायचं कारण त्यात बोलावं लागत नाही. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर रेकॉर्डरमध्ये बोलतात, मी ते ऐकून टाइप करते. दुपारी करा, संध्याकाळी करा, वेळेत पोचलं की झालं. खोल्यांमध्ये रेंज नव्हती, म्हणून तू गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मला एक टेबल लावून दिलंस. मग वस्तीभर सांगितलंस, “माझी भाची डॉक्टरांचं ऐकती.” झालं! दुसऱ्या दिवसापासून बायका कागद घेऊन जिना चढायला लागल्या. कुणाची रक्ताची तपासणी, कुणाच्या सासूचा एक्स-रे. एक आजी तर थेट जीभ दाखवायला लागल्या. मी घाबरून खाली पळत आले. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, “आत्या, त्यांना सांग ना, मी डॉक्टर नाहीये.” तू म्हणालीस, “तूच सांग.” मी नाही सांगितलं. आजी जीभ दाखवून, समाधान पावून गेल्या.

पण गच्चीचा एक फायदा होता. तिथून मला तुझी संध्याकाळची फेरी पूर्ण दिसायची.

दिवस कलला की तू निघायचीस. हातात बॅटरी, डोक्याला स्कार्फ. पाटाच्या कडेची चार घरं, मग चिंचेखालची वस्ती, मग बुद्धविहाराच्या मागची गल्ली, मग इंदूबाईचं पत्र्याचं घर, ते शेवटचं. प्रत्येक दारात एकच प्रश्न. “उद्याला जमंल का?” आतून उत्तर यायचं. जमंल. किंवा न्हाई जमायचं. किंवा, शाळंत सोडून मग येते, आठ वाजत्याल. तू म्हणायचीस, “बरं.” आणि पुढच्या दाराकडे.

तुमचं बोलणं मला गच्चीवरून ऐकू यायचं नाही, हालचाल तेवढी दिसायची. तू कधीही उंबऱ्याशी जायची नाहीस. एक पाऊल मागे, आणि अंग जरा तिरकं, निघायच्या बेतात असल्यासारखं. मला ते कळायला पहिला हिवाळा गेला. तू तशी उभी राहायचीस म्हणून समोरच्या बाईला नाही म्हणणं सोपं जायचं. चहाला तू कधीच आत गेली नाहीस. “चहा पिला की बाई न्हाई म्हणू शकत न्हाई,” असं तू एकदा आईला सांगितलंस.

आणि ज्या बाईने नाही म्हटलं, तिच्या दारात तू दुसऱ्या दिवशी परत. तिने आठवडाभर नाही म्हटलं, तरी रोज. दुसऱ्या टोळ्यांत तसं नसतं. तिथे मुकादमाला दोनदा नाही म्हटलं की नाव कटतं, आणि कारणही सांगावं लागतं. तुझ्या टोळीत कुणी कारण सांगायला लागलंच तर तू हात वर करायचीस. “मला नगं सांगू. माझ्या तोंडात काही राहत न्हाई.” हे खोटं होतं. तुझ्या तोंडात सगळं राहायचं.

फेरीचं शेवटचं दार आमचं असायचं. आईला तू विचारायचीस, आई जमेल म्हणायची. मग तू जिन्याखाली उभी राहून मान वर करायचीस. “रुते, उद्याला जमंल का?”

मी वरून मान हलवायचे. नाही.

“बरं.”

रोज. दोन हिवाळे रोज. सुरुवातीला मला वाटायचं तू चिडवतेस. मग वाटायला लागलं, कंटाळून सोडून देशील. तू दोन्ही केलं नाहीस. का येत नाही, हे तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. आज सांगते. कामाची लाज नव्हती, तुला तसं वाटलं असेल तर. बागेतल्या गप्पांची भीती होती. लग्नाचं काय, पुण्याचं काय, कंपनी का बंद झाली, बापाची पाठ कशाने गेली. पेरू तोडता येतील, पण बारा बायका आणि बारा बायकांचे प्रश्न, ते मला झेपलं नसतं. तुला माहीत होतं बहुतेक.

तुझ्याशी माझं भांडण असं एकच झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तुझा गुडघा सुजला. तू लंगडत फेरी मारायचीस आणि मला गच्चीवरून बघवायचं नाही. मी म्हटलं, व्हॉट्सअॅपवर ग्रुप करू. संध्याकाळी एक मेसेज टाकायचा, ज्यांना जमेल त्यांनी अंगठा. तुलाही ती कल्पना आवडली, हे विसरू नकोस. ग्रुपवर पेरूचा फोटो लावायचा हा हट्ट तुझा होता. “चांगला फोटू लाव, डागी माल नको.”

पहिल्या संध्याकाळी बारा अंगठे आले. तू गुडघ्यावर शेक घेत माझा फोन हातात धरून बसलीस आणि म्हणालीस, “बघ, पाय न हलवता बारा बाया!” सकाळी बागेत आल्या पाच. त्यातली सविता तापाने फणफणलेली. तिला तू विचारलंस, अगं, मग अंगठा कशाला दिला? ती म्हणाली, “कुठला अंगठा?”

फोन कुणाकडे असतात याचा विचार आपण दोघींनीही केला नव्हता. सविताचा अंगठा तिच्या नवऱ्याचा होता. दोन अंगठे शाळेतल्या पोरांचे, गेम खेळता खेळता दिलेले. एक सासूबाईंचा, आणि त्यांची सून तर माहेरी गेलेली. इंदूबाईच्या मुलाने अंगठ्याखाली ‘हजर’ असंही लिहिलं होतं. चार दिवसांत ग्रुपवर शुभ सकाळची फुलं आली, देवाचे फोटो आले, आणि कुणीतरी गाभण शेळी विकायला काढली. शेळी विकली गेली, एवढं एक काम त्या ग्रुपने केलं. बायका बागेत हसून हसून बेजार झाल्या, असं आई सांगत होती. तूही हसलीस. मग गुडघ्याला फडकं बांधून फेरीला निघालीस.

मी त्या दिवशी जिना उतरून तुझ्या मागे आले. आठवतं? पाटाच्या कडेने, शेजारी उसाचं रान. मी चिडले होते. म्हटलं, “आत्या, ग्रुप चुकला असेल, पण तुझंही चुकतंय. सगळं तुझ्या एकटीच्या पायांवर आणि तोंडावर आहे. तू आजारी पडलीस तर?”

“मी आजारी पडत न्हाई.”

“गुडघा काय आहे मग?”

“गुडघा आजारी हाय. मी न्हाई.”

“त्यांच्या हातात त्यांचे फोन असले पाहिजेत. चूक ती आहे.”

“आधी त्यांच्या हातात त्यांचे नवरे येऊ दे, मग फोनचं बघू.” मग तू बॅटरी उसावर फिरवलीस. “आन जरा मोठ्यानं भांड. या रानात बिबट्या दिसलाय परवा. त्याला बोलणारी माणसं आवडत न्हाईत. तू अशी गप चालतीस, तुला आधी नेईल.”

मी भांडत राहिले, पण मोठ्याने. तेवढं तू माझ्याकडून करून घेतलंस.

तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तू माझ्याकडे बघू नकोस तशी. त्या सकाळी तू उठली नाहीस आणि संध्याकाळी फेरीच्या वेळेला अख्खी वस्ती दारात बसली होती. तुझ्यासाठी रडत होत्या हे खरं, पण प्रत्येकीच्या मनात हेही होतं की आता आपल्याला कोण विचारणार. तुझं सगळं काम तुझ्या गळ्यात होतं आणि तू ते घेऊन गेलीस. मला तुझा राग आला, आत्या. पांढऱ्या कापडावर तुझे हात ठेवलेले होते, आणि मला वाटत होतं, हलवून विचारावं, आता सांग, माझं बरोबर होतं की नाही?

होतं. आणि तुझंही बरोबर होतं. भांडण तिथेच थांबलंय.

दहाव्याहून आलो. पाहुणे गेले. आई भांडी घासत होती. पप्पा ओट्यावर बसून रमेशशेठचा नंबर काढायचे आणि परत फोन खिशात ठेवायचे. आई म्हणाली, “मी जाते फेरीला. मला काय, सगळ्या ओळखीच्या.” आणि ती गेलीसुद्धा. मी गच्चीवर जाऊन बघत बसले.

आई सविताच्या दारात गेली. उंबऱ्यालाच टेकली. मग आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि तिथूनच परत घरी. “सविता म्हणते, जमणार नाही,” ती म्हणाली. “मी विचारलं, का गं? तर म्हणे असंच. मी म्हटलं, असंच कसं, बरं नाही का? नवरा काही म्हणाला का? तर ती रडायलाच लागली. मग मी पण रडले. मग तिच्या सासूने चहा टाकला.”

आईचं चुकत नव्हतं. आईला माणसांची माया आहे, म्हणून तिला ‘का’ विचारल्याशिवाय राहवत नाही. पण एका दारात इतका वेळ गेला तर शेवटच्या दारापर्यंत मध्यरात्र होईल, आणि सगळ्या वस्तीला सगळ्यांची कारणं कळतील.

तेव्हा मला तुझं एक बोलणं आठवलं. मागच्या उन्हाळ्यात आपण दोघी अंगणात कुरडया वाळत घालत होतो. पलीकडची सून भिंतीपाशी येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले. मी तिला पाट दिला, पाणी दिलं आणि परत कुरडया घालायला लागले. ती थोडा वेळ बसली, आपल्या चार कुरडया घालून गेली. ती गेल्यावर तू म्हणालीस, “तुझी आई बोलती लई ग्वाड. पण विचारती. तू विचारत न्हाईस.” मी तेव्हा समजले की तू मला माणूसघाणी म्हणतेस. मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नव्हते. तू म्हणालीस, “बरं.”

आत्या, तू माझं कौतुक करत होतीस, होय ना? आणि रोज जिन्याखाली येऊन तू मला फक्त पेरू तोडायला बोलवत नव्हतीस. मला आता असं वाटतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, “लई डोकं चालवू नको, पेरूच तोडायला बोलवत हुते.” असू दे. आता उत्तर द्यायला तू नाहीस, तर मला पाहिजे तो अर्थ मी घेणार.

मी तुझी बॅटरी घेतली. स्कार्फ नाही घेतला, तो तुझा होता. आई म्हणाली, “अगं, तू? कुठे?” पप्पांनी तिला हाताने थांबवलं. त्यांनी ‘का’ विचारलं नाही. तुझाच भाऊ शेवटी.

पाटाच्या कडेला मी मोठ्याने चालले. म्हणजे काय करणार, कुणाशी बोलणार? आदल्या दिवशी टाइप केलेला एका डॉक्टरांचा रिपोर्ट मी पाठ म्हणत गेले, इंग्रजीत. पेशंट स्थिर आहे, भूक चांगली आहे, पुढची भेट दोन आठवड्यांनी. बिबट्याने ऐकलं असेल तर त्याला इंग्रजीचा कंटाळा आला असेल.

पहिल्या दारात माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. इंदूबाईने सांगितलं होतं तसंच झालं. मी उभी, आणि दारातली बाई म्हणाली, “काय गं रुतू, काय पायजे?” मी एक पाऊल मागे झाले. अंग जरा तिरकं केलं. हे मी कुणाला बघून करतेय ते तिला कळलं असावं, कारण तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि थांबली. मग मी म्हणाले. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

“जमंल की,” ती म्हणाली. “कवा यायचं? सात?”

“सात. नाहीतर शाळेत सोडून या.”

“आक्का आठपातुर थांबायच्या.”

“आठ चालेल.”

दुसऱ्या दारात जमंल. तिसऱ्यात नाही. सविताच्या दारात मी अगदी हळू विचारलं, ती म्हणाली, “ताई, मघाशी काकींना न्हाई म्हणले मी.” मी म्हटलं, “हो. मी परत विचारतेय.” “अर्धा दिवस आले तर?” “चालेल.” तिला अर्धाच दिवस का, ते मला ठाऊक नाही. तिचे डोळे अजून लाल होते, तेही मी पाहिलं, आणि पुढे निघाले.

विहाराच्या मागच्या गल्लीत मला घाम फुटला होता आणि मजा यायला लागली होती. हो, मजा. तुला यायची का? म्हणून तू लंगडतसुद्धा निघायचीस का? प्रत्येक दारात कुणीतरी भाकरी करत होतं, कुणी पोराला मारत होतं, कुणी सासूशी भांडता भांडता थांबून मला ‘जमंल’ म्हणत होतं आणि पुन्हा भांडायला लागत होतं. मी दोन वर्षं गच्चीवरून ही दारं बघत होते. जवळून ती जास्त चांगली दिसतात.

गल्ली संपली तेव्हा नऊ जणींचा होकार आला होता. आईला आणि मला धरून अकरा. मी सकाळी जाणार आहे, आत्या. माझं टायपिंग दुपारी बारानंतर बसून होतं, तोवर मला कुणी बांधलेलं नाही. प्रश्न विचारतील बायका. विचारू देत. नको असेल त्याचं उत्तर मी देणार नाही, हे मला आता जमतं, आणि तुझ्या टोळीत ते चालतं. खालची बाग अकरा जणींत होते, आईने सांगितलंय. तिथूनच मी पप्पांना फोन केला. “रमेशशेठना कळवा, टोळी येतेय.” पप्पा म्हणाले, “कोण आणतंय म्हणून सांगू?” मी म्हटलं, “माझं नाव सांगा.”

खरं तर मग घरी जाता आलं असतं. माणसं पुरेशी झाली होती. पण एक दार उरलं होतं, आणि तू कधी एकही दार सोडलं नाहीस.

इंदूबाई पत्र्याच्या घरापुढे बाजेवर बसली होती, लसूण सोलत. मी येतेय हे तिने लांबूनच पाहिलं असणार, बॅटरी तुझी होती. ती उठली नाही. मी अंगणाच्या कडेला थांबले. तिने तोंड उघडलं, “काय गं बाई, काय...”

“उद्याला जमंल का?” मी विचारलं. इतक्या मोठ्याने, की तिचं कुत्रं उठून उभं राहिलं.

इंदूबाईने लसणाची पाकळी सोलली, पातेल्यात टाकली. दुसरी घेतली. ती तुझ्या टोळीत सगळ्यात जुनी, तुझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून. मला वाटत होतं, ती तरी येईलच. मला ती यायला हवी होती.

“न्हाई जमायचं,” ती म्हणाली.

आणि थांबली. हातातली पाकळी तशीच, डोळे माझ्या तोंडाकडे. मी काय विचारते, ते बघत. माझ्या घशापर्यंत आलं होतं ते ‘का’, एवढं एकच अक्षर. राग आहे का, दुखतंय का, आक्काशिवाय बागेत पाऊल टाकवत नाही का? मी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. अंग वाटेकडे तिरकं केलं.

“बरं,” मी म्हणाले.